तुमचा ता. क. मी आधी वाचला

पत्र

डॉक्टर, माझं वय ३६. कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी आहे. गेले तीन महिने डोकं जास्तच दुखायला लागलं म्हणून मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलंय की दोन्ही बाजूंच्या फ्रंटल भागात, सबकॉर्टिकल व्हाइट मॅटरमध्ये, टी-टू आणि फ्लेअरवर तीन-चार बारीक हायपरइंटेन्स ठिपके आहेत. नॉनस्पेसिफिक. पुढे मायग्रेन, स्मॉल व्हेसल डिसीज, डिमायलिनेशन अशी तीन नावं, आणि 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. तिसऱ्या नावाचा अर्थ मी शोधला आणि त्या रात्रीपासून झोप उडाली. फॅमिली डॉक्टर म्हणतात, अर्धशिशीवाल्यांना असे ठिपके असतात, विसरून जा. धाकटा भाऊ म्हणतो, १.५ टेस्लाच्या मशीनवर काय दिसणार, ३ टेस्लावर कॉन्ट्रास्ट घालून पुन्हा काढू. मला एवढंच सांगा, हा आजार एमआरआयने नक्की कळतो का? कळत असेल तर 'आहे' किंवा 'नाही' असं सरळ का लिहीत नाहीत?

ता. क. दोन वर्षांपूर्वी कमरेभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटून दोन्ही पाय पंधरा-वीस दिवस बधिर होते. तेव्हा नस दबली असेल म्हणाले. कमरेचा एमआरआय नॉर्मल आला आणि हळूहळू आपोआप गेलं. त्याचा याच्याशी संबंध नसावा, तरी सांगून ठेवते.

उत्तर

तुमचा रिपोर्ट वाचून मला फारशी काळजी वाटली नाही. ता. क. वाचला आणि खुर्चीत सरसावून बसलो. सगळ्यात महत्त्वाची ओळ सही झाल्यावर लिहायची सवय फार जणांना असते. दवाखान्यातही तेच. माणूस दाराची कडी उघडता उघडता म्हणतो, 'आणि हो डॉक्टर, एक राहिलंच,' आणि खरं दुखणं तिथे निघतं. पण तुम्ही विचारलंय त्यापासूनच सुरुवात करतो. ते कळलं की तुमचा भाऊ आणि फॅमिली डॉक्टर, दोघंही कुठवर बरोबर आहेत हे तुमचं तुम्हालाच लावता येईल.

मायलिन म्हणजे चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टन. ते शाबूत असतं तोवर संदेश एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर उड्या मारत जातो. ते निघालं की संदेश रखडतो, कधी वाटेतच विरतो. या वेष्टनाच्या आजारांना डिमायलिनेटिंग आजार म्हणतात, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. गंमत अशी की नेहमीच्या एमआरआयला मायलिन दिसतच नाही. मशीन ऐकतं ते पाण्यातल्या हायड्रोजनचं, आणि मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा आवाज इतक्या झटकन विरतो की रोजच्या चित्रात तो वेगळा पकडता येत नाही. जिथे सूज आली, मायलिन गेलं, तिथे मोकळं पाणी वाढतं आणि तेवढी जागा टी-टू चित्रात पांढरी उमटते. पांढरा ठिपका फक्त एवढंच सांगतो की इथे असायला हवं त्याहून जास्त पाणी आहे. भिंतीवर ओल यावी तसं. ओल पावसाची की वरच्या मजल्यावरच्या फुटक्या नळाची, हे नुसत्या डागाकडे बघून कुणी सांगू शकत नाही. डाग कुठे आहे, कुठल्या दिशेने उतरलाय, कधीपासून आहे, हे बघावं लागतं.

आणि असे डाग पडायला कारणं भरपूर. अर्धशिशीत पडतात, जुन्या रक्तदाबात पडतात, मधुमेहात, धूम्रपानाने, नुसत्या वयानेही पडतात. साठीपुढच्या माणसाच्या मेंदूत एकही ठिपका दिसला नाही तर मी कौतुकाने पुन्हा एकदा बघतो.

मग आम्ही ओळखतो कसं? मुख्यतः जागेवरून. फ्लेअर नावाचं जे चित्र असतं त्यात मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी मुद्दाम दाबून काळं केलेलं असतं, म्हणजे पोकळीच्या काठाला चिकटलेला पांढरा ठिपका त्या पाण्यात बुडून जात नाही. या फ्लेअरचा बाजूने घेतलेला, नाकासमोरचा काप मी आधी उघडतो. मधोमध एक कमान दिसते, कॉर्पस कॅलोसम, मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल. एमएस असलेल्या माणसात या कमानीच्या खालच्या कडेवरून पांढऱ्या ज्योती वर उठल्यासारख्या दिसतात, पोकळीला काटकोनात, एकीशेजारी एक. त्यांना डॉसनची बोटं म्हणतात. जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये एडिंबरामध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप बघून त्यांचं वर्णन केलं. त्या भागातल्या बारीक शिरा पोकळीला काटकोनात धावतात आणि एमएसची सूज त्या शिरांभोवतीच जमते, म्हणून आकार बोटांचा. हेच जिवंत माणसात बघायला पुढची पासष्ट वर्षं जावी लागली. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या गटाने एमएसच्या रुग्णांची एमआर चित्रं छापली, आणि सीटी स्कॅनमध्ये दिसत होते त्याच्या कितीतरी पट डाग त्यात दिसले. मी शिकत होतो तेव्हा आमचे सर ती जुनी, दाणेदार चित्रं दाखवायचे. आज ती बघून हसू येतं. पण ठिपके मात्र बरोबर जागी आहेत.

'आहे' किंवा 'नाही' ठरवायला निकष आहेत. इयन मॅक्डोनल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने ते २००१ मध्ये मांडले. २००५, २०१०, २०१७ आणि २०२४ मध्ये ते सुधारले गेले. त्यांचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो, जागा आणि वेळ. २०१७ च्या निकषांत जागा चार: पोकळीच्या काठाला, कवचाला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला, लागून किंवा कवचातच, मेंदूच्या तळाशी म्हणजे ब्रेनस्टेम किंवा लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत. यांपैकी किमान दोन ठिकाणी डाग हवेत. २०२४ मध्ये डोळ्याची नस ही पाचवी जागा धरली. वेळ म्हणजे हे सगळं एकाच दणक्यात झालेलं नाही, वेगवेगळ्या काळात घडलंय याचा पुरावा. ताज्या निकषांत ही वेळेची अट काही परिस्थितींत सैल केली आहे. पण या सगळ्याच्या आधी सहसा एक अट असते: माणसाला या आजाराला साजेसा त्रास झालेला असावा (२०२४ च्या निकषांत काही ठरावीक परिस्थितींत त्यालाही अपवाद आहे) आणि त्याचं दुसरं अधिक चांगलं कारण मिळू नये. हे चित्रात कुठेच नसतं. म्हणून रेडिओलॉजिस्ट, म्हणजे माझ्यासारखा चित्रं वाचणारा डॉक्टर, 'क्लिनिकली कोरिलेट करावे' असं लिहितो. मान्य करतो, ते वाचायला हात झटकल्यासारखं लागतं, आणि आमच्यातले काही जण खरोखरच हात झटकायला ते वापरतात. पण त्या वाक्याचा प्रामाणिक अर्थ असा की चित्रातलं होतं ते सांगितलं, आता माणसाकडे बघा.

आता तुमचा रिपोर्ट या चाळणीतून काढू. ठिपके तीन-चार, बारीक, फ्रंटल भागात, सबकॉर्टिकल. पोकळीच्या काठाला काही नाही, कमानीत काही नाही, ब्रेनस्टेममध्ये काही नाही. सहसा ३ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका एमएससाठी मोजतही नाहीत. अर्धशिशीतले ठिपके बहुतेक वेळा असेच असतात, तेव्हा फॅमिली डॉक्टर चुकीचं बोललेले नाहीत. एक बारकावा तेवढा बघून घ्यायला हवा. 'सबकॉर्टिकल' म्हणजे कवचाच्या खाली, थोडं अंतर सोडून. 'जक्स्टाकॉर्टिकल' म्हणजे कवचाला टेकलेला, मध्ये पांढऱ्या भागाची फटही नाही. पहिल्याला निकषांत किंमत नाही, दुसऱ्याला आहे, आणि रिपोर्ट लिहिताना घाईत पहिला शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. हे कागद वाचून कळत नाही, चित्रंच बघावी लागतात. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जाताना रिपोर्ट घरी राहिला तरी चालेल, सीडी राहता कामा नये.

आणखी एक बघा. तुमच्या एमआरआयच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? बहुधा 'डोकेदुखी', एवढंच. डोकेदुखीचा एमआरआय बेतलेला असतो गाठ, रक्तस्राव, शिरेतली गुठळी शोधायला. काप जाड, त्यांच्यामध्ये थोडं अंतर, आणि बाजूचं फ्लेअर असेल किंवा नसेल. डिमायलिनेशन शोधायचं असेल तर १ मिलिमीटरच्या सलग कापांचं फ्लेअर घेतात, जे कुठल्याही दिशेने फिरवून बघता येतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तुमच्या वेळी दोन वर्षांपूर्वीच्या पट्ट्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

इथे माझं स्वतःचं एक कबूल करतो. नवा असताना पन्नाशीतल्या एका गृहस्थांच्या रिपोर्टात मी अशीच तीन नावांची यादी लिहून मोकळा झालो होतो. यादी लांब असली की आपल्या हातून काही सुटलं नाही असं वाटतं. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षांचा होता, चिठ्ठीवर नव्हता, आणि मी फोन करून विचारलाही नव्हता. ते चार महिने तो एक शब्द खिशात घेऊन फिरले. नंतर भेटले तेव्हा रागावले नाहीत. घड्या झिजून चिंध्या झालेला तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, 'हे तुमचं.' तेव्हापासून तो शब्द लिहायच्या आधी मी फोन उचलतो.

चूक उलट बाजूनेही होते, आणि थोडीथोडकी नाही. अमेरिकेतल्या दोन एमएस केंद्रांमध्ये आधीच 'एमएस' असं निदान घेऊन आलेल्या रुग्णांची फेरतपासणी झाली, २०१९ मध्ये ती छापून आली. जवळपास १८ टक्के लोकांना एमएस नव्हताच. चुकीने एमएस ठरवलेल्यांत सगळ्यात जास्त आढळलेला खरा आजार होता अर्धशिशी. काही जण वर्षानुवर्षं एमएसची औषधं घेत होते.

तर नुसते हे ठिपके आणि नुसती अर्धशिशी असती, तर मी दोन ओळींत लिहिलं असतं की डोकेदुखीवर नीट उपचार घ्या आणि रिपोर्ट कपाटात ठेवा.

पण पट्टा आहे.

नस दबते तेव्हा दुखणं नसेच्या वाटेने जातं. बहुधा एकाच पायात, कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, खोकलं-शिंकलं की कळ. कमरेभोवती गोल पट्टा आवळल्यासारखं होणं आणि दोन्ही पाय एकदम बधिर होणं ही त्या जातीतली तक्रार नव्हे. ती मज्जारज्जूची भाषा आहे. मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारी चेतातंतूंची जाड दोरी. तिला एका जागी सूज आली की त्या पातळीला पट्टा जाणवतो आणि त्याखालचं अंग बधिर होतं. दोन-चार दिवसांत वाढणं, दोन-तीन आठवडे राहणं आणि मग सावकाश ओसरणं, ही चालही सुजेचीच.

आणि तुमचा कमरेचा एमआरआय नॉर्मल का आला असेल? कारण मज्जारज्जू कमरेत फार खाली पोचतच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली उरतो तो नसांचा जुडगा. बेंबीभोवतीच्या कातडीची संवेदना छातीच्या दहाव्या नसेकडे असते, आणि त्या नसेचा मज्जारज्जूतला उगम त्याच क्रमांकाच्या मणक्याच्याही वर असतो. पट्टा बेंबीच्या आसपास असेल तर बिघाड पाठीच्या वरच्या-मधल्या भागात शोधायचा, कधी कधी थेट मानेतही. गळती तिसऱ्या मजल्यावर आणि पाहणी तळमजल्याची, असं ते झालं. पाय बधिर म्हटलं की हात आपोआप कमरेच्या एमआरआयच्या चिठ्ठीकडे जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येत नाही, फक्त मोजत राहतो.

तुम्हाला एमएस आहे असं मी म्हणत नाही. मज्जारज्जूला सूज एखाद्या संसर्गानंतर एकदाच येऊन कायमची जाऊ शकते. बी-१२ कमी असलं तरी पाय असे बधिर होतात, आणि ते तर साध्या रक्ततपासणीत कळतं. पण अशी गोष्ट पाठीशी असली की ठिपक्याला वजन येतं, आणि याचा एक चांगला दाखला आहे. अमेरिकेत डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या रुग्णांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या वेळी ज्यांच्या मेंदूत एकही ठिपका नव्हता त्यांच्यापैकी २५ टक्के लोकांना पुढे एमएस ठरला. एक किंवा अधिक ठिपके होते त्यांच्यात ७२ टक्के. ही टक्केवारी तुम्हाला जशीच्या तशी लावू नका, तुमचा त्रास वेगळा आणि तुमचे ठिपकेही त्या नमुन्यात बसणारे दिसत नाहीत. उलट्या टोकाला असे लोक आहेत ज्यांना कधीच काही झालेलं नाही, पण दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयवर अगदी एमएससारखे डाग सापडतात. याला २००९ पासून रेडिओलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम असं लांबलचक नाव आहे. त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पाच वर्षांत, आणि सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत पहिला त्रास झालेला आढळला. उरलेल्यांना दहा वर्षांनीही काही झालेलं नव्हतं.

म्हणून माझ्या मते पुढचा एमआरआय डोक्याच्या आधी मानेचा आणि पाठीचा व्हायला हवा. कारण साधं आहे. वय, रक्तदाब, अर्धशिशी हे सगळे मेंदूत ठिपके टाकतात, मज्जारज्जूत टाकत नाहीत. तिथे एक जरी खरा डाग निघाला तरी त्याचं मोल मेंदूतल्या दहा ठिपक्यांहून जास्त. त्याची लांबीही बोलते. एमएसचा डाग बहुधा आखूड असतो, दोन मणक्यांच्या उंचीपेक्षा कमी, आणि दोरीच्या कडेला. तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब आणि मधोमध असला तर वेगळ्याच आजाराचा संशय येतो, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. तो एमएसचाच प्रकार समजला जायचा. २००४ मध्ये त्याची अँटीबॉडी सापडली आणि तो वेगळा झाला. ही नुसती नावांची कारकुनी नाही. एमएसची काही औषधं न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये त्रास वाढवतात. तिसरा एक आहे, मॉग अँटीबॉडीचा आजार. त्यातले डाग कधी कधी मागमूस न ठेवता पुसले जातात. म्हणजे दोन वर्षांनंतर तुमचा मज्जारज्जू स्वच्छ दिसला तरी 'तेव्हा काहीच नव्हतं' असं म्हणता येणार नाही. या अँटीबॉडी रक्तात शोधता येतात, पण त्या मागवायच्या की नाही हे न्यूरोलॉजिस्टना ठरवू द्या. मॉगची तपासणी कारण नसताना केली की कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते आणि नवा घोळ सुरू होतो.

मज्जारज्जूचा एमआरआय वाचणं हे मेंदूपेक्षा कटकटीचं काम. दोरी जेमतेम करंगळीएवढी जाड, तिच्या बाजूला हृदय धडधडतंय, छाती वरखाली होतेय, माणूस आवंढा गिळतोय. या प्रत्येक हालचालीची सावली चित्रात पडते आणि ती डागासारखी दिसू शकते. म्हणून उभ्या कापात दिसलेला डाग आडव्या कापातही दिसला तरच मी त्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही एवढंच करायचं की मशीनमध्ये शांत पडून राहायचं आणि आवंढा गिळायचा तो मशीनचा आवाज थांबतो त्या मधल्या वेळात. कानांत बोळे मागून घ्या. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर तेही.

आता भावासाठी. १.५ टेस्लाला कमी लेखू नका म्हणावं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं ते चुंबक आहे आणि एमएसची निदानं वर्षानुवर्षं त्यावर झाली आहेत, आजही होतात. ३ टेस्लाचा फायदा आहे, नाही असं नाही. डागाच्या मधोमध शीर आहे का हे त्यावर चांगलं दिसतं. एका खास चित्रात पांढऱ्या डागातून जाणारी काळी बारीक रेघ उमटते, तीच ती शीर. डॉसनची बोटं ज्या कारणाने बोटांसारखी असतात, तेच हे कारण. अर्धशिशीच्या ठिपक्यांत ही रेघ क्वचित सापडते, म्हणून २०२४ च्या निकषांत या खुणेलाही जागा मिळाली. पण चुकीच्या प्रश्नासाठी काढलेलं ३ टेस्लाचं चित्र बरोबर प्रश्नासाठी काढलेल्या १.५ च्या चित्रापेक्षा कमी कामाचं.

कॉन्ट्रास्टचंही तसंच. कॉन्ट्रास्ट म्हणून टोचतात ते गॅडोलिनियम रक्तातून मेंदूत झिरपतं ते फक्त जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सुजेने फुटलीय तिथे, आणि एमएसच्या ताज्या डागात ही स्थिती काही आठवडेच टिकते. एकाच एमआरआयमध्ये काही डाग उजळले आणि काही नाही उजळले तर जुने आणि नवे एकत्र सापडले, म्हणजे वेळेचा पुरावा एका बैठकीत मिळाला. हा त्याचा उपयोग. गॅडोलिनियम वापरायचं कारण असेल तर जरूर वापरावं, पण 'घालून टाकू' म्हणून नाही. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर त्याचा गंभीर त्रास होऊ शकतो, गरोदरपणात शक्यतो टाळतात, आणि वारंवार दिल्यावर त्याचा अंश मेंदूत साठतो हे २०१४ पासून माहीत आहे. २०१७ मध्ये युरोपात त्याच्या काही जुन्या प्रकारांचा वापर थांबवला गेला तो त्यामुळेच. या साठलेल्या अंशाने मेंदूला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी उगाच कशाला?

करायचं ते असं. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. जायच्या आधी एका कागदावर तो पट्टा लिहून काढा: कुठला महिना, आधी काय सुरू झालं, किती दिवसांत वाढलं, पट्टा नेमका कुठल्या उंचीला होता, लघवीला त्रास झाला होता का, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं व्हायचं का, गरम पाण्याने अंघोळ केली की बधिरपणा वाढायचा का. त्याआधी किंवा नंतर कधी एका डोळ्याने आठ-दहा दिवस धुरकट दिसलं होतं का, लाल रंग फिका वाटला होता का, तेही आठवून बघा. न्यूरोलॉजिस्ट हातोडीने गुडघे ठोकतील, तळव्यावर किल्लीसारखं काही ओढून बघतील. त्या दहा मिनिटांत कधी कधी एमआरआयपेक्षा जास्त कळतं, तेव्हा घाई करू देऊ नका. एमआरआय ठरला तर चिठ्ठीवर 'दोन वर्षांपूर्वी पट्ट्यासारखी जाणीव, दोन्ही पाय बधिर, मज्जारज्जूची सूज होती का?' असं स्पष्ट लिहून द्यायला सांगा. माझ्यासारखा कुणीतरी अंधाऱ्या खोलीत तेवढ्या ओळीवरूनच ठरवतो की कुठे जास्त वेळ थांबायचं. गरज वाटली तर ते पाठीतलं पाणी काढून ओलिगोक्लोनल बँड, म्हणजे त्या पाण्यातल्या अँटीबॉडींच्या पट्ट्या, बघायला सांगतील. नावाला घाबरू नका. तो वेळेच्या पुराव्याच्या जागी चालणारा पुरावा आहे.

या दरम्यान डोळा हलवला की दुखून नजर अंधुक झाली, एखादा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, बधिरपणा चोवीस तासांहून जास्त टिकला किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

आणि तुम्ही झोप ज्या शब्दापायी घालवली त्याबद्दल. एमएसवरचं पहिलं खास औषध, बीटा इंटरफेरॉन, १९९३ मध्ये आलं. आज औषधांची रांग आहे, आणि लवकर सुरू केली तर पुढचे अटॅक बऱ्यापैकी रोखता येतात. म्हणजे खरंच तो निघालाच, तर आत्ता निघालेला बरा.

दोन वर्षांपूर्वीच्या कमरेच्या एमआरआयची सीडी सापडली तर तीही पिशवीत टाका. त्या चित्रांच्या सगळ्यात वरच्या भागात, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी, मज्जारज्जूचं खालचं टोक आलेलं असतं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष खालच्या चकत्यांवर असणार. त्या टोकाकडे कुणी पाहिलं होतं की नाही, ते आता एकदा बघून घ्यायला सांगा.